गाण्यांतून इंग्रजी: एका गाण्यावर आठवडाभर काम कसं करावं

प्रश्न असा आहे: शिक्षण मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी वाचून बऱ्यापैकी कळतं, पण बोलताना अडखळायला होतं. इंग्रजी गाणी ऐकायची आवड आहे. त्या गाण्यांवरून शब्दसंग्रह आणि व्याकरण पक्कं करता येईल का? येत असेल तर नेमकं कसं?

करता येतं. नुसतं ऐकत राहून मात्र फारसं हाती लागत नाही. डझनभर इंग्रजी गाणी तोंडपाठ आणि फोनवर दोन वाक्यं बोलायची वेळ आली की चाचपडणं, अशी माणसं भरपूर आहेत. गाणं पाठ होतं ते चालीसकट, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग. त्यातला तुकडा सुटा करणं, त्याची चाल काढून टाकणं आणि तो स्वतःच्या वाक्यात बसवणं हे वेगळं काम आहे. ते मुद्दाम करावं लागतं. त्याला रोज वीस-पंचवीस मिनिटं आणि एका गाण्याला एक आठवडा पुरतो.

आधी गाण्याची निवड. गाणं आवडतं असावं, कारण ते आठवड्यात तीस-चाळीसदा ऐकायचं आहे. साध्या गाण्यात धृवपदाची पुनरावृत्ती धरून दोनशे ते तीनशे शब्द असतात. रॅपमध्ये ते सहज दुपटी-तिपटीने वाढतात आणि निम्मे शब्द एखाद्या शहरातल्या गल्लीपुरते असतात, म्हणून सुरुवातीला रॅप बाजूला ठेवा. कॅरन कार्पेंटर, जॉन डेन्व्हर, जिम रीव्ह्ज यांचे उच्चार स्वच्छ आहेत. गोव्यातल्या आणि वांद्रे-वसईकडच्या ख्रिस्ती घरांत जिम रीव्ह्ज अजूनही वाजतो, त्यामुळे तिकडच्या मंडळींना शोधाशोध करायला नको. ‘ॲबा’ हा स्वीडनचा चमू, इंग्रजी त्यांची मातृभाषा नाही, म्हणून वाक्यं सरळ आणि शब्द सुटे येतात. कसोटी सोपी आहे: मजकूर न बघता पहिल्यांदा ऐकताना साधारण निम्मे शब्द पकडता आले तर गाणं योग्य. तिसरा हिस्साही पकडता येत नसेल तर ते दोन महिन्यांनी घ्या.

आणि शक्यतो गोष्ट सांगणारं गाणं घ्या. ‘बेबी, हार्ट, टुनाइट’ एवढ्यावर उभ्या असलेल्या गाण्यात शिकण्यासारखं चार ओळींतच संपतं. गाण्यांतून रोजच्या बोलण्यातले शब्द आणि क्रियापदांच्या जोड्या मिळतात. नोकरीच्या मुलाखतीचे किंवा ऑफिसच्या पत्रव्यवहाराचे शब्द तिथे मिळणार नाहीत, ती अपेक्षाच ठेवू नये.

पहिल्या दिवशी गाणं दोनदा, कागद-पेन न घेता ऐका. कोण कोणाला काय सांगतंय, एवढंच मराठीत दोन ओळींत लिहा. मग एक कडवं घ्या, साधारण चार ओळी, आणि जे कानावर पडतं ते देवनागरीत लिहून काढा. एक ओळ जास्तीत जास्त पाच वेळा ऐकायची, मग पुढे जायचं. देवनागरीत लिहायचं कारण असं की रोमन लिपीत लिहायला लागलात की हात आपोआप स्पेलिंग लिहितो आणि कानाने काय ऐकलं ते दडपलं जातं. देवनागरीत ‘लेटिट्बी’ असंच उतरतं, आणि बीटल्सच्या 1970 च्या ‘लेट इट बी’मधले तीन शब्द एका श्वासात कसे जोडले जातात ते कागदावर दिसतं. वेग कमी करायचा असेल तर यूट्यूबवर पाऊणपट करा. त्याखाली गेलात तर स्वर इतके ताणले जातात की ऐकलेलं उपयोगाचं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी खरा मजकूर समोर ठेवा आणि फरकांवर खूण करा. हेच फरक म्हणजे तुमचा आठवड्याचा अभ्यासक्रम. ते तीन प्रकारचे निघतात. एक, शब्दच माहीत नव्हता. तो शब्दकोशात बघायचा. दोन, शब्द माहीत होता, पण कानाने ओळखला नाही. तीन, शब्द ऐकला, पण व्याकरणाचा बारीक तुकडा, म्हणजे ‘अ’, ‘द’, शेवटचा ‘स’ किंवा ‘ड’, गळला. मराठी माध्यमाच्या माणसाच्या कागदावर दुसरा आणि तिसरा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो. त्याने इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं असतं, कानाचा संबंध कमी आलेला असतो.

दुसऱ्या प्रकाराचं मूळ असं: मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो आणि मधले ‘टू’, ‘ऑफ’, ‘हिम’, ‘ॲण्ड’ आखडून घेतले जातात. ‘हिम’मधला ‘ह’ तर बहुतेक वेळा उडतो. अमेरिकन लेखिका सिल्व्हिया राइट हिने 1954 मध्ये याचा एक मजेदार नमुना लिहून ठेवला आहे. लहानपणी एका जुन्या स्कॉटिश पोवाड्यात तिला ‘लेडी मॉन्डग्रीन’ नावाची बाई ऐकू यायची. मूळ शब्द होते ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे त्याला हिरवळीवर निजवलं. ‘ह’ गेला, ‘लेडिम ऑन द ग्रीन’ झालं, आणि बाई जन्माला आली. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलीचं हे झालं, तेव्हा तुमच्या वहीत दोन-चार लेडी मॉन्डग्रीन सापडल्या तर मनाला लावून घेऊ नका. फक्त प्रत्येकीच्या शेजारी कोणता आवाज गळला किंवा जोडला गेला ते लिहा.

मजकूर कुठून घ्यायचा, हेही सांगायला हवं. गाण्यांचे शब्द देणाऱ्या पुष्कळ साइटवर मजकूर कुणीतरी ऐकून टाइप केलेला असतो आणि त्यात चुका असतात. यूट्यूबचे आपोआप तयार होणारे शब्द गाण्यांसाठी विश्वासाचे नाहीत. कलाकाराच्या अधिकृत चॅनेलवरचा शब्दांसहित व्हिडिओ किंवा अल्बमची पुस्तिका बरी. एखादी ओळ व्याकरणात बसतच नसेल तर दुसऱ्या ठिकाणी ताडून बघा.

आता व्याकरण. इथे गाण्याचं खरं बळ आहे, आणि ते दाखवायला एकच ओळ पुरे. अमेरिकेतलं जुनं लोकगीत आहे, शाळांमधून गातात: ‘शील बी कमिंग राउंड द माउंटन व्हेन शी कम्स’. ती येईल तेव्हा डोंगराला वळसा घालून येत असेल. ‘तेव्हा’च्या पुढच्या मागच्या दोन्ही बाजूंना मराठीत भविष्यकाळ आहे. इंग्रजीत मात्र पहिल्या भागात ‘विल’ आणि ‘व्हेन’नंतर साधा वर्तमानकाळ, ‘शी कम्स’. आपल्याकडचा माणूस हमखास ‘व्हेन शी विल कम’ म्हणतो. ही चूक पदवीधरांच्याही तोंडी असते, कारण ती थेट मराठीतून येते. नियम दहा वेळा वाचून जी सुटत नाही ती चूक या ओळीने सुटू शकते, कारण ‘व्हेन शी विल कम’ म्हटलं की चालच मोडते.

पण ओळीवरून नियम ताणू नका. ‘आय डोन्ट नो व्हेन शी विल कम’ हे बरोबर वाक्य आहे. फरक ओळखायला मराठीच मदतीला येते. मनातल्या मराठी वाक्यात ‘येईल तेव्हा’ असेल तर ‘विल’ काढा. ‘केव्हा येईल’ किंवा ‘कधी येईल’ असेल तर ‘विल’ ठेवा. ‘इफ’चंही तसंच: ‘पाऊस पडला तर’ या अर्थी ‘विल’ नको, ‘पाऊस पडेल की नाही ठाऊक नाही’ या अर्थी चालेल.

याच गाण्यात पुढे ‘वील ऑल गो आउट टू मीट हर’ असं येतं. तिला भेटायला बाहेर जाऊ. ‘भेटायला’, ‘भेटण्यासाठी’ याचं आपण ‘फॉर मीटिंग हर’ करून टाकतो. इंग्रजीला ‘टू’ आणि मूळ क्रियापद पुरतं. स्टीव्ही वंडरच्या 1984 च्या सिनेमातल्या गाण्याचं नावच ‘आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू’ आहे. ‘फॉर सेइंग’ नाही. लोकगीत आणि सिनेगीत दोन्हीकडे तोच साचा भेटला की तो पक्का होतो.

गाण्यांची नुसती नावं हीसुद्धा चांगली वही आहे, आणि नावं सगळ्यांना आधीच पाठ असतात. ब्रुनो मार्सचं 2010 चं ‘मॅरी यू’: मराठीत ‘तुझ्याशी लग्न’, म्हणून आपण ‘मॅरी विथ यू’ म्हणतो, पण इथे ‘विथ’ला जागा नाही. रॉक्सेटचं 1988 चं ‘लिसन टू युअर हार्ट’: ‘लिसन’नंतर ‘टू’ हवंच, ‘लिसन मी’ होत नाही. ॲबाचं 1977 चं ‘थँक यू फॉर द म्यूझिक’: कशाबद्दल आभार ते सांगताना ‘फॉर’. पिंक फ्लॉइडचं 1975 चं ‘विश यू वेअर हिअर’: तू इथे नाहीस, असतास तर बरं झालं असतं; जे नाही त्याबद्दलच्या इच्छेला भूतकाळी रूप. बियॉन्सेचं 2008 चं ‘इफ आय वेअर अ बॉय’: ‘इफ आय वुड बी’ नव्हे. आणि आयर्लंडच्या यू टू या बँडचं 1987 चं ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयम लुकिंग फॉर’ हे तर एकट्याने चार धडे देतं: ‘स्टिल’ नकारार्थी ‘हॅवन्ट’च्या आधी येतो, शोध अजून संपलेला नाही म्हणून पूर्ण वर्तमानकाळ, पोटवाक्यात ‘व्हॉट ॲम आय’ न होता ‘व्हॉट आयम’, आणि शेवटचं ‘फॉर’ सोडायचं नाही. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज ही सेइंग’ अशी वाक्यं तुमच्या तोंडून जात असतील तर या नावावर दोन दिवस घालवा.

पूर्ण वर्तमानकाळाबद्दल एक पुस्ती. मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ चालतं, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ येतं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या 1971 च्या गाण्याचं नाव ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ आहे: कधीतरी, आजवर, वेळ ठरलेली नाही. ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या वर्षी’ असा ठरलेला काळ आला की ‘हॅव’ गळून साधा भूतकाळ. जोडीला बीटल्सचं 1965 चं ‘यस्टरडे’ ऐका आणि त्यात कालबद्दल बोलताना क्रियापदं कोणत्या रूपात येतात ते टिपा.

तिसऱ्या दिवशी हे सगळं वहीत. एका गाण्यातून सहा ते आठ तुकडे, जास्त नाहीत. पंचवीस शब्द उतरवून घेणाऱ्याच्या हाती आठवड्याने चार उरतात. सुटा शब्द लिहू नका. ‘ब्रिंग’ न लिहिता ‘ब्रिंग समथिंग बॅक’ लिहा, ‘वेट’ न लिहिता ‘वेट फॉर समबडी’ लिहा. प्रत्येक तुकड्यासमोर तीन गोष्टी: सरळ गद्य क्रमातलं वाक्य, स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य, आणि एक शेरा.

हा शेरा महत्त्वाचा आहे. गाण्यातलं सगळं व्याकरण वापरायच्या लायकीचं नसतं. रोलिंग स्टोन्सच्या 1965 च्या ‘सॅटिस्फॅक्शन’च्या पूर्ण नावात दोन नकार एकत्र आहेत, ‘कान्ट गेट नो’. बिल विदर्सचं 1971 चं ‘एन्ट नो सनशाइन’ही तसंच. बीटल्सच्या ‘टिकेट टू राइड’मध्ये ‘शी डझन्ट’च्या जागी ‘शी डोन्ट’ आहे. बॉब डिलनच्या 1969 च्या ‘ले लेडी ले’मध्ये ‘लाय’ हवं तिथे ‘ले’ आहे. हे कवीचं अज्ञान नाही. अमेरिकेतल्या ब्लूज आणि लोकसंगीताच्या बोलीत हेच रूढ आहे, शिवाय एक अक्षर वाचतं आणि ओळ मात्रेत बसते. पण तुम्ही अर्जात किंवा परीक्षेत लिहिलंत तर ती चूक धरली जाईल.

म्हणून शेरे तीन ठेवा. ‘चालेल’: बोलण्यात आणि लिहिण्यात दोन्हीकडे. ‘फक्त बोलताना’: ‘गॉना’, ‘वॉना’, ‘गॉटा’, ‘गिमी’ वगैरे. ‘फक्त गाण्यात’: ‘एन्ट’, दोन नकार, कर्ता गाळलेली वाक्यं, यमकासाठी उलटवलेला क्रम. शंका असेल तर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश बघा. तो फुकट आहे, उच्चार ऐकवतो आणि अनौपचारिक किंवा अप्रमाण शब्दाला तशी खूण करतो.

मधल्या गटातही मेख आहे. ‘गॉना’ म्हणजे ‘गोइंग टू’, पण पुढे क्रियापद असेल तरच. ‘आयम गॉना कॉल यू’ ठीक, ‘आयम गॉना पुणे’ चूक. ‘वॉना’ म्हणजे ‘वॉन्ट टू’. ‘ही वॉन्ट्स टू’चं ‘ही वॉना’ होत नाही. आणि मॅकडोनाल्ड्सच्या 2003 पासूनच्या ‘आयम लव्हिन इट’ या जाहिरातीवरून ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ला परवाना मिळतो असं समजू नका. तिथे साच्याचा मुद्दाम मोड केला आहे, लक्ष वेधायला.

चौथ्या दिवशी गाळलेल्या जागा. मजकुराची प्रत काढा आणि एकाच जातीचे शब्द झाका. एकदा फक्त ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. दुसऱ्यांदा फक्त शब्दयोगी ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘टू’, ‘फॉर’. तिसऱ्यांदा क्रियापदाची रूपं. गाणं न लावता भरा, मग लावून तपासा. सगळ्या जातींचे शब्द मिसळून झाकले तर लक्ष विखुरतं आणि आपली खोड नेमकी कुठे आहे ते कळत नाही. बहुतेकांची खोड ‘अ’ आणि ‘द’मध्ये निघते, कारण मराठीत त्यांना जोडच नाही.

पाचव्या दिवशी तोंड उघडायचं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिनबराच्या एका प्रयोगात साठ प्रौढांना पंधरा मिनिटं हंगेरियन वाक्यं शिकवली होती. ऐकून गाऊन म्हणणाऱ्या गटाची कामगिरी साधं बोलून म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली ठरली. यातलं ‘म्हणणाऱ्या’ विसरू नका, ती माणसं मोठ्याने गात होती. आधी गाण्याबरोबर दोनदा गा. मग गाणं बंद करून तीच ओळ बोला, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी, चाल न लावता. इथे बहुतेक जण अडकतात: ओळ सुरुवातीपासून गायल्याशिवाय आठवतच नाही. उपाय असा की कडव्याच्या शेवटच्या ओळीपासून उलट वर या, किंवा वहीतल्या तुकड्याचं मराठी बघून इंग्रजी म्हणा.

चाल काढून टाकण्याचं आणखी एक कारण आहे. संगीत शब्दांवर भलतीकडे जोर देतं. ‘हॅपी बर्थडे टू यू’ची पहिली ओळ म्हणून बघा. सगळ्यात उंच सूर ‘टू’वर येतो. बोलताना मात्र तो सगळ्यात हलका शब्द, जेमतेम ‘ट’ एवढा. गाण्यातला जोर तसाच बोलण्यात आणलात तर ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. म्हणून शब्दकोशातला ध्वनी ऐकून ठरवा, गायकावरून नाही.

उच्चारासाठी गाण्यातली एक गोष्ट मात्र फार कामाची आहे, ती म्हणजे यमक. स्पेलिंग फसवतं, यमक सहसा फसवत नाही. ‘ट्विंकल ट्विंकल’मध्ये ‘स्टार’शी ‘आर’ जुळतं, स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा अक्षर असूनही. अपवाद आहेत: जुन्या स्तोत्रांत नुसतं डोळ्यांना जुळणारं यमक येतं. आणि एबीसीडीच्या गाण्यात शेवटी ‘झी’ म्हटलं तरच यमक जुळतं. आपल्या शाळांत ‘झेड’ शिकवतात, म्हणून ते गाणं आपल्याकडे शेवटी लंगडतं.

मुलांना शिकवत असाल तर वेगळी काळजी. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि वर्गात गाणी भरपूर होतात. पण मुलं ‘एलेमेनो’ हे एकच अक्षर समजतात आणि ‘नीझन्टोज’ हा एकच शब्द. ‘हेड, शोल्डर्स, नीज ॲण्ड टोज’ झालं की गाणं थांबवा आणि क्रम मोडून विचारा: ‘टच युअर नीज’, ‘टच युअर नोज’. हात चुकीच्या जागी गेला तर पाठांतर झालंय, शब्द कळलेला नाही. याच गाण्यात अनेकवचनही आयतं आहे: खांदे, गुडघे, डोळे, कान यांना ‘स’ लागतो, डोकं, तोंड, नाक एकच म्हणून लागत नाही. वहीत नियम लिहून घेण्याऐवजी मुलांना बोटांनी मोजायला लावा.

सहाव्या-सातव्या दिवशी नवीन काही नाही. वहीतल्या प्रत्येक तुकड्यावर स्वतःची तीन वाक्यं: एक घराबद्दल, एक कामाबद्दल, एक प्रश्न. ‘आयल बी वेटिंग ॲट द स्टँड व्हेन यू कम’, असं साधं. ती फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि मूळ ओळीशेजारी ऐका. शेवटचे ‘स’, ‘ड’, ‘ट’ गळलेत का एवढंच तपासा. नंतर तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी फक्त वहीची उजळणी, पाच मिनिटं. अँकीसारखं उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरत असाल तर कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य आणि मागे इंग्रजी ठेवा. उलट ठेवलं तर नुसती ओळख पटत राहते, बोलायला येत नाही. एकविसाव्या दिवशी ज्या तुकड्यासाठी मनात गाणं वाजवावं लागलं, तो पुढच्या आठवड्याच्या पानावर पुन्हा लिहा.